दोनशे दहा कोटींचं मौन

आमच्या ऑफिसच्या पँट्रीच्या दारावर चिकटपट्टीचा एक तुकडा उरलाय. नखाएवढा, पिवळट, कडेला धूळ धरलेला. साफसफाईच्या मावशी अधूनमधून तो खरवडायला निघतात आणि मी त्यांना चहा पाजून माघारी पाठवते. माझ्या लग्नाचा अल्बम एक वेळ हरवला तरी चालेल, हा तुकडा हरवता कामा नये.

त्या तुकड्याची गोष्ट सांगते. मी सांगते त्यातलं निम्मं खोटं असतं असं माझा नवरा म्हणतो. पण तो माणूस लग्नापर्यंत भांडुपला राहिलेला, तोवर समुद्र त्याने सुट्टीच्या दिवशीच पाहिलेला, त्याला मोठं काही झेपत नाही. त्याचं मनावर घेऊ नका.

मी मोबाइल ॲप बांधून बाहेर सोडायचं काम करते. आमचे प्रोग्रामर जे लिहितात ते हजार तुकड्यांत पडलेलं असतं. ते गोळा करून त्याचं एक पार्सल बांधायचं, त्यावर कंपनीचा डिजिटल शिक्का मारायचा, पाठीवर एक नंबर टाकायचा आणि फोनमधल्या ॲपच्या दुकानात पाठवून द्यायचं. पार्सल बांधणं म्हणजे बिल्ड, दुकानात पाठवणं म्हणजे रिलीज. याच्यापेक्षा जास्त काही कळायची गरज नाही. आमच्या साहेबांनाही याच्यापेक्षा जास्त कळत नव्हतं.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात. खालच्या गाळ्यात ॲल्युमिनियमच्या खिडक्या कापतात. त्यांची करवत सुरू झाली की आमच्या टेबलावरचा चहा आपोआप ढवळला जातो, चमचा लागत नाही. आमचं ॲप हाउसिंग सोसायट्यांचं. गेटवर कोण आलंय, गच्ची कोणाला कधी हवी आहे, कोणाची गाडी कोणाच्या जागेत घुसलीय, सगळं त्यात. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जिथे जिथे शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी पटत नाही तिथे आमचं ॲप आहे. म्हणजे सगळीकडे.

साहेब आमचे तांत्रिक प्रमुख. यायचे मुलुंडहून, पण जिना असा चढायचे की वाटावं कैलासावरून उतरून थेट इथे आलेत. कंपनीचा तो शिक्का फक्त त्यांच्या लॅपटॉपमध्ये होता, त्यामुळे रिलीज फक्त त्यांनीच करायचं. दर गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर, टिळा लावून. तो टिळा एवढा ठसठशीत असायचा की विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या गच्चीला धावपट्टी समजून वळतात, असं मी खालच्या खिडकीवाल्यांना सांगितलं होतं. दोघांनी वर बघितलं होतं.

आता पार्सलच्या पाठीवरच्या नंबराचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी मजा त्यात आहे. हा नंबर लोकांना दिसत नाही, तो दुकानासाठी असतो. दुकानाचा नियम एवढाच, की नवा नंबर जुन्यापेक्षा मोठा हवा. एकाने मोठा असला तरी पुरे, पण मोठाच. मागे येता येत नाही. साहेबांनी त्यात स्वतःचं अंकशास्त्र घातलं होतं. आकड्यांची बेरीज तीन यायला हवी, कारण तीन म्हणजे गुरू. म्हणून आमचं ॲप बारावरून एकवीसवर गेलं, एकवीसवरून तीसवर, आणि तीसवरून टणकन एकशे दोनवर. तीनशेनंतर थेट एक हजार दोन. मधले सातशे आकडे अशुभ म्हणून जन्मालाच आले नाहीत.

आणि मौन. साहेबांनी बटण दाबलं की बिल्ड संपून रिलीज होईपर्यंत कोणी एक अक्षर बोलायचं नाही. शिंकायचं झालं तर जिन्यात. आमची घाटकोपरची टेस्टर, जी झोपेतही बोलते अशी तिच्या सासूची तक्रार आहे, ती तोंडात ओढणीचं टोक धरून बसायची. सगळं नीट पार पडलं की साहेब गाळ्याच्या उंबऱ्यावर नारळ फोडायचे. आमच्या उंबऱ्याला त्यामुळे खड्डा पडला होता. पावसाळ्यात त्यात बेडूक राहायचा.

तर असाच एक गुरुवार. माझ्या डब्यात सुक्या बोंबलाचं कालवण होतं. माझं माहेर वेसाव्याचं. लग्न झालं तरी मी वेसावं सोडलं नाही, नवऱ्यालाच भांडुपहून उचलून आणलं, आणि डबाही आईचाच राहिला. आई सकाळी टोपली घेऊन सोसायट्यांतून फिरते आणि मग बाजारात बसते. बोंबील ती स्वतः वलांडीवर, म्हणजे त्या बांबूच्या मांडवांवर, वाळत घालते. तिच्या कालवणाचा वास सुटला की खालची करवत आपोआप बंद पडायची आणि कारागीर जिन्यात येऊन उभे राहायचे.

मी डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि जागेवर येऊन बसले. साहेबांनी बटण दाबलं. मौन सुरू. पँट्रीतून मायक्रोवेव्ह टिंग वाजला आणि त्याच क्षणी साहेबांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली. बिल्ड फेल.

मी शेजारीच होते. अक्षरं चांगली ठळक होती.

"साहेब, डिस्क भरलीय," मी म्हटलं.

साहेबांनी मान वळवली. नुसती मान, धड तिथेच. "बोललीस?"

"लिहिलंय ना तिथे. जागा शिल्लक नाही म्हणतंय. ते तुमच्या भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ लॅपटॉपवर आहेत ना, ते..."

"मौन मोडलंस तू. आणि हा वास कसला?"

"बोंबलाचा."

"मायक्रोवेव्हमध्ये? रिलीजच्या वेळी?" ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांकडे वळले. "लहरी असतात. वायफायच्या लहरी, मायक्रोवेव्हच्या लहरी. त्यात हिने हे सडकं काहीतरी घातलंय. बिल्ड फेल होणार नाही तर काय होणार?"

हेच साहेब शुक्रवारी त्याच मायक्रोवेव्हमध्ये चिकन बिर्याणी गरम करायचे. कोंबडीच्या लहरी बहुतेक सुसंस्कृत असाव्यात.

टेस्टरने ओढणी तोंडातून काढली आणि परत घातली. संध्याकाळी पँट्रीच्या दारावर कागद लागला. 'या पँट्रीत मासे आणू व गरम करू नयेत. तांत्रिक अडचणी येतात.' खाली साहेबांची सही, आणि चारी बाजूंनी अशी चिकटपट्टी की जणू दार त्या कागदावरच उभं आहे. मग साहेबांनी गुपचूप लग्नाचे व्हिडिओ उडवले आणि पुढच्या गुरुवारी बिल्ड सुरळीत झालं. झालं सिद्ध. बोंबील नाही, बिल्ड पास. नवीन लागलेल्या लोकांना पहिल्याच दिवशी पासवर्डबरोबर ही माहिती मिळायला लागली, आणि ते माझ्याकडे बघून सांगितलं जायचं.

घरी आई सुरमई कापत होती. मी तिला सांगितलं. तिची सुरी थांबली नाही, पण तुकडे जाड पडायला लागले.

"सडका म्हणाला? माझ्या बोंबलाला?"

"हो."

"मंग तू काय बोललीस?"

"काय बोलणार? मौन होतं."

"ऐक गो बाय. ज्या हाताने त्याने तो कागद लावलाय ना, त्याच हाताने काढला पायजे. तवर तुझ्या डब्यात मासळी नाय. बटाटा खा."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून बटाटा. वेसाव्याच्या कोळणीची पोर, मी, चारचौघांत डबा उघडून बटाट्याची भाजी खायचे. आई माझ्या हातात डबा देताना तोंड फिरवायची. अख्खं वेसावं हळहळलं. आमच्या गल्लीतली मांजरं मला ओळख दाखवेनाशी झाली.

तेव्हाच ठरवलं. कागद साहेबांच्याच हाताने उतरवायचा. पण त्याआधी साहेबांना सोलायचं. कोळंबी सोलतात तसं, आधी डोकं, मग साल, आणि शेवटी पाठीतला तो काळा दोरा.

साहेबांचं सगळं साहेबपण कशात होतं? लोक त्यांच्यासाठी थांबायचे, त्यात. गुरुवार येईपर्यंत थांबा, मुहूर्त येईपर्यंत थांबा, बटण दाबेपर्यंत थांबा. मग असं काहीतरी करायचं की कोणाला कोणासाठी थांबावंच लागणार नाही. जगात इतरत्र लोक हे काम केव्हाच मशीनकडून करून घेतात. प्रोग्रामरने आपलं काम जमा केलं की मशीन ते स्वतः उचलतं, पार्सल बांधतं, तपासतं, शिक्का मारतं, पुढचा नंबर टाकतं आणि दुकानात पोचवतं. तिथे टिळा नाही, मुहूर्त नाही, उंबऱ्यात बेडूक नाही.

रोजचं काम आटपलं की मी त्याच्यामागे लागायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, शिकतेय. गळाला आमिष लावताना माणूस जसा शांत होतो तशी मी शांत झाले होते. एरवी माझ्या बोलण्याने फॉल्स सीलिंगची फळी सैल व्हायची. टेस्टर म्हणाली, "यार, तू आजारी आहेस का? किती गप्प असतेस."

"बटाट्याने होतं तसं," मी म्हटलं.

सगळं तयार झालं. फक्त शिक्का नव्हता. तो साहेबांच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप साहेबांच्या काखेत. मी वाट बघत बसले. अशा वेळी घाई करायची नसते, भरती आपली आपण येते.

आली. साहेब देवदर्शनाला कुठल्याशा डोंगरावर गेले, लॅपटॉपसकट, आणि तिथे रेंज नव्हती. इकडे ॲपमध्ये एक घोळ निघाला. गेटवरचा 'आत सोडा' हा हिरवा पट्टा लाल दिसायला लागला. घाटकोपरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींची सासू उन्हात गेटवर उभी राहिली आणि आत आल्यावर जे बोलली ते सेक्रेटरींनी आमच्या मालकांना फोनवर शब्दशः ऐकवलं. दुरुस्ती आमच्या हातात तयार होती. पण शिक्का डोंगरावर.

मालक केबिनच्या बाहेर आले. मालक शांत माणूस आहेत, ओरडत नाहीत, फक्त चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी चष्मा इतका पुसला की नंबर उतरला असेल.

"आपल्या धंद्याची किल्ली डोंगरावर बसलीय," ते म्हणाले. "याला काही उपाय?"

"आहे," मी म्हटलं. "माझ्याकडे तयार आहे."

साहेब खाली उतरले तेव्हा मालक दारात हात पुढे करून उभे होते. साहेबांनी शिक्का दिला. देताना चेहरा असा की मुलीची पाठवणी करतायत. मशीनसाठी छोट्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर आणला, आणि तो कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. इन्व्हर्टरचं मोकळं सॉकेट ऑफिसमध्ये एकाच ठिकाणी होतं. पँट्रीत, फ्रिजवर. मायक्रोवेव्हला अगदी खेटून.

"लहरी लागतील त्याला," साहेब म्हणाले.

"बघू ना लागतात का," मी म्हटलं.

नाही लागल्या. एक प्लग, एक दिवा, हिरवा किंवा लाल. त्याच्या शेजारी दुपारभर डबे गरम व्हायचे आणि दिवा हिरवाच. सोमवारी रिलीज, मंगळवारी रिलीज, अमावास्येला दोनदा. नंबर सरळ एकेक करत पुढे. साहेब गुरुवारी टिळा लावून, बाह्या सावरून यायचे आणि विचारायचे, "काय, आज करायचं ना?"

"झालं साहेब," मी म्हणायचे. "मघाशीच झालं. तुम्ही जिना चढत होतात ना, तेव्हा."

हे वाक्य मी किती वेगवेगळ्या चालींत म्हटलं असेल. नम्रपणे, काळजीने, कधी अगदी हळू, आजाऱ्याला बातमी देतात तसं. एकदा साहेबांनी पिशवीतून नारळ काढला, इकडे तिकडे पाहिलं आणि परत पिशवीत ठेवला. संध्याकाळी साहेबांना तो नारळ घरी नेताना मी जिन्यावरून पाहिलं. आईला जाऊन सांगितलं. आई हसली, पण डब्यात बटाटाच आला. कागद अजून दारावर होता. मशीन चालतं म्हणून बोंबील चालतो असं थोडंच होतं. साहेब आता म्हणायला लागले होते की मासे बंद आहेत म्हणूनच मशीन चालतंय.

डोकं आणि साल निघाली होती. काळा दोरा राहिला होता.

गणपतीच्या आधी आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं रिलीज असतं. आरतीच्या पाळ्या, प्रसाद, विसर्जनाची मिरवणूक, सोसायट्यांचा सगळा उत्सव ॲपमध्ये. साहेब मालकांकडे गेले. "एवढं एक मला हाताने करू द्या. मोठं काम आहे, रीतीने व्हायला हवं." मालकांना दया आली. माणूस जुना, त्याचं मन राखावं. म्हणाले, करा, आणि तेवढ्यापुरता शिक्का परत दिला.

मशीनमध्ये मी एक पहारेकरी बसवला होता. नंबराने वेडीवाकडी उडी मारली की तो पार्सल अडवायचा. साहेबांनी मशीन बाजूला सारलं, म्हणजे पहारेकरीही बाजूला सरला. गुरुवार, टिळा, उंबऱ्याशी नारळ, सगळे गोल उभे. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावर जरा जास्त वेळ ठेवली, आणि मौन सुरू केलं.

"मोठ्या कामाला मोठा आकडा," हे त्यांचं शेवटचं बोलणं. मग त्यांनी तिनावर नऊ शून्यं टाकली. तीनशे कोटी. बेरीज तीन. आकडा बसेना. त्यांनी दुकानाची नियमावली उघडली, बोट फिरवत फिरवत खाली गेले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं की चालेल असा सगळ्यात मोठा आकडा दोनशे दहा कोटी.

साहेबांच्या ओठांची हालचाल मला दिसली. दोन अधिक एक. तीन.

त्या माणसाचा चेहरा उजळला तो काय सांगू. पँट्रीतला फ्रिज उघडला की जसा उजेड पडतो तसा पडला. दुकानाने स्वतः गुरूचा आकडा शेवटी ठेवला होता, त्यांच्यासाठी. त्यांनी दोन टाकला, एक टाकला, आणि मग शून्यं, एकेक करून, अक्षता टाकल्यासारखी.

आता तुम्हाला कळलंच असेल. पुढचं प्रत्येक पार्सल याहून मोठ्या नंबराचं लागणार, आणि याहून मोठा नंबर नाही. एकदा हे बाहेर गेलं की त्या ॲपमध्ये जन्मात काही बदलता येणार नाही. चूक निघाली, चूक राहिली.

मी हात वर केला.

साहेबांनी पाहिलं. अख्ख्या ऑफिससमोर, हळूच, ओठांवर बोट ठेवलं. नजरेत बोंबील होता.

मी हात खाली घेतला. माझ्या तोंडात एक वाक्य होतं, पाच-सहा शब्दांचं, ते मी गिळलं, आणि खोटं नाही सांगत, बटाट्याच्या इतक्या महिन्यांनंतर पहिल्यांदा काहीतरी चविष्ट पोटात गेलं. मागच्या वेळी बोलले तेव्हा मौन मोडल्याचं पाप माझ्या माथी आलं होतं. या वेळी मी नियम पाळला. मी इतका नियम पाळला की श्वाससुद्धा अर्धाच घेतला. साहेबांनी बटण दाबलं, बिल्ड पास झालं, पार्सल दुकानात गेलं, दुकानाने ते सगळ्यांच्या फोनवर वाटून टाकलं. उंबऱ्यावर नारळ फुटला. मला खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा साहेबांनी स्वतः दिला. "बघितलंस? याला म्हणतात रीत."

"बघितलं साहेब. सगळं बघितलं."

चूक निघायला फार वेळ लागला नाही. ओळखीच्या फेरीवाल्यांना गेटवर रोज आत सोडायची जी सोय होती, ती नव्या पार्सलमध्ये गायब झाली होती. दूधवाले, इस्त्रीवाले, सगळे गेटवर. मला पहिला फोन आला तो आईचा, बोरिवलीच्या एका टॉवरच्या फाटकावरून.

"तुझं ते मोबाईलवालं मला आत सोडत नाय."

मी थोडक्यात सांगितलं काय झालंय ते. आई ऐकत राहिली.

"म्हणजे तो आता फसला?"

"पुरता."

"बरा फसला. बदला घे बाय, सावकाश घे. पण माझा बर्फ वितळतोय, त्याचं आधी बघ." शेवटी वॉचमनने ॲपला न विचारता तिला आत सोडलं. पापलेटची एक जोडी ठेवून घेतली ती वेगळी.

ऑफिसमध्ये दुरुस्ती लगेच तयार झाली. मशीनने ती उचलली, बांधली, शिक्का मारला, दुकानात धाडली, आणि फ्रिजवरचा दिवा लाल झाला. पुन्हा धाडली, पुन्हा लाल. सगळे पँट्रीत जमले. मालक चष्मा पुसत आले. आणि साहेब आले, नाकपुड्या फुलवत.

"अडकलं ना मशीन? मी सांगत होतो." त्यांनी हवा हुंगली. "आज हिने नक्की काहीतरी आणलंय."

माझा डबा मायक्रोवेव्हवरच होता. त्यांनी तो उचलला आणि मालकांसमोर उघडला.

"बटाटा," मालक म्हणाले.

साहेबांनी भाजी चमच्याने उलटीपालटी केली. खाली बोंबील लपलाय का ते पाहिलं. खालीही बटाटाच होता.

मालक माझ्याकडे वळले. "काय झालंय?"

मी ओठांवर बोट ठेवलं आणि साहेबांकडे पाहिलं.

"अगं बोल ना."

"साहेबांनी परवानगी दिली तर बोलते. मागच्या वेळी बोलले होते तर दारावर कागद लागला."

"बोल," मालक म्हणाले. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"दुकान म्हणतंय, नवा नंबर आधीच्यापेक्षा मोठा पाहिजे."

"मग टाक मोठा."

"त्याहून मोठा नाही. दोनशे दहा कोटीला आकडे संपतात. आपलं ॲप गच्चीवर जाऊन बसलंय. वर आकाश."

"खाली आण."

"खाली येत नाही. या जिन्याने फक्त चढता येतं."

मालकांनी फ्रिजवरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग विचारलं, "हा आकडा टाकला कोणी?"

आजवर आमच्या गाळ्यात खूप मौनं झाली, पण त्या मौनाला तोड नव्हती. खालची करवतसुद्धा थांबली. कारागीर बहुतेक कान लावून होते.

"बेरीज तीन येते," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक की बोंबलाचा काटा असावा.

"तुला दिसलं नव्हतं?" मालकांनी मला विचारलं.

"दिसलं. हात वर केला होता."

"केला होता, सर," टेस्टर म्हणाली. ओढणी गळ्यात व्यवस्थित होती. "मी बघितलं ना. यांनीच हिला असं केलं." आणि तिने साहेबांसारखं बोट ओठांवर ठेवून दाखवलं. भुवयांसकट.

उपाय एकच होता. नव्या ओळखीने नवं ॲप, पहिल्या नंबरापासून, आणि सगळ्यांना सांगायचं की जुनं काढा, नवं घ्या. नवं ॲप बांधून उभं करायचं काम मशीनचं, म्हणजे माझं. सांगायचं काम कोणाचं, यावर चर्चा झालीच नाही. साहेबांपुढे फोन ठेवला गेला.

सोसायटीच्या सेक्रेटरीशी तुम्ही कधी बोललायत? निवृत्त माणूस, समोर अख्खी दुपार, आणि कोणीतरी स्वतःहून फोन करून त्याची माफी मागतंय. त्या माणसाला जन्माचं सुख. बोरिवलीच्या एकांनी साहेबांना गळक्या टाकीचा सगळा इतिहास सांगितला. घाटकोपरच्या त्या सेक्रेटरींनी फोन सासूच्या हातात दिला. मुलुंडला साहेबांच्या स्वतःच्या सोसायटीत तर त्यांना गणपतीच्या मांडवात उभं करून, आरती संपल्यावर माईकवर समजावून सांगायला लावलं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, सावकाश सांगा, तिकडे ऐकू येत नाही. मी तिथे नव्हते. पण मी ते इतक्यांदा सांगितलंय की आता मला मांडवातले पडदेही आठवतात.

आणि माझी अट. मालकांनी नवं ॲप कधी होईल विचारलं तेव्हा मी ती घातली.

"मशीन पँट्रीत आहे. मला तिथे बसून काम करायला लागेल. दारावरच्या त्या कागदाने माझं लक्ष लागत नाही."

"काढून टाक ना मग."

"मी लावला नाही."

मालक साहेबांकडे बघत राहिले. साहेब उठले. चारी बाजूंनी इतकी चिकटपट्टी, इतक्या महिन्यांची, ती सुटते थोडीच. नखाने उचकटून पाहिली, पट्टीने पाहिली, मग गुडघ्यावर बसून खालची कड ओढली. सगळे जागेवरून बघत होते. कोणी बोललं नाही, बोलायची मनाई नव्हती तरी. मी त्यांना पाण्याची वाटी नेऊन दिली, भिजवलं की लवकर निघतं म्हणून. कागद सहीच्या मधोमध फाटला. एक तुकडा दाराला राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"राहू दे साहेब तेवढा," मी म्हटलं. "असू दे."

दुसऱ्या दिवशी आईने डबा दिला नाही, पातेलं दिलं. अख्ख्या ऑफिसला पुरेल एवढं सुक्या बोंबलाचं कालवण, झाकणाला फडकं बांधून. देताना एवढंच म्हणाली, "त्याला आधी वाढ." मी पातेलं मायक्रोवेव्हशेजारी ठेवलं, वाटी वाटी गरम केली, फ्रिजवर नव्या ॲपचं पहिलं बिल्ड चालू होतं. दिवा हिरवा झाला तेव्हा खालचे कारागीर जिन्यात आलेच होते. साहेबांची वाटी मी पहिली वाढली. "वास येतोय का हो?" विचारलं. ते नाही म्हणाले. खाल्लं त्यांनी. चिकनवाला माणूस, बोंबील काय त्याला झेपत नव्हता असं थोडंच. रस्सा पुसून घ्यायला पोळी मागितली तेव्हा मी ती दिली नाही. पोळ्या संपल्यात म्हटलं. होत्या.

कोणी म्हणेल, तू तेव्हा तोंड उघडलं असतंस तर एवढ्या लोकांना त्रास झाला नसता. खरं आहे. आईचा बर्फही वितळला नसता. पण मी पुन्हा त्या गुरुवारी तिथे उभी राहिले तर पुन्हा हात वर करीन, पुन्हा त्यांनी बोट ठेवलेलं बघीन, आणि पुन्हा गप्प बसेन. कदाचित जरा जास्त वेळ हात वर ठेवीन, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून.

नवं ॲप आता एकेक नंबराने पुढे चाललंय. साहेब अजून आहेत. गुरुवारी टिळा लावून येतात, पण बारीक. मधूनच पँट्रीत चहा घेताना फ्रिजकडे बघतात आणि विषय काढतात, की पुढचं जरा मोठं रिलीज आहे, नंबर तेवढा बघून टाकला तर, म्हणजे नुसतं सुचवतोय, बेरीज जर...

मी डबा गरम करत असते. मायक्रोवेव्ह टिंग वाजतो. मी वळून त्यांच्याकडे बघते आणि ओठांवर बोट ठेवते.